एक तारीख

एकोणीसशे शहात्तर साल. आणीबाणी चालू होती, आणि जो तो मनगटाकडे पाहत चालायचा. कचेरीत उशीर झाला तर नोकरीवर गदा येईल अशी धास्ती होती. आमच्या काशीत तोवर वेळ म्हणजे घंटांची वेळ. मंगलारती झाली, राजभोग झाला, शयनारती झाली, एवढं कळलं की बायकांना पुरे. संकठा घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. गंगेवरून येणारा वारा, खालच्या देवीच्या देवळातला जास्वंदीचा ढीग, हिवाळ्यात सकाळी मातीच्या पुरव्यातून, म्हणजे कुल्हडातून, मलइयो हा दुधाचा गोड फेस विकणाऱ्याची हाक, हे सगळं मला आजही डोळे मिटले की दिसतं. पण त्या सालातली एक मे आठवली की बाकीचं सारं विझून जातं.

घरात माणसं थोडी. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. सासरे वेणीमाधवशास्त्री, त्यांना आम्ही मामंजी म्हणायचो. संस्कृत पाठशाळेत जन्म काढलेला, पंचांगावर हुकमत, आणि जिभेला अशी धार की समोरच्याला कापलं गेल्याचं घरी गेल्यावर कळावं. त्यांचा थोरला मुलगा मोहन, म्हणजे आमचे हे, रेल्वेत गोरखपूरला. शनिवारी संध्याकाळी यायचे, रविवारी रात्री परत. धाकटे श्रीनिवास भावजी बँकेत. चौऱ्याहत्तरच्या मार्गशीर्षात त्यांचं लग्न झालं आणि मृणालिनी घरात आली.

मृणाल प्रयागची, दारागंजातली. आई लहानपणीच गेली, भाऊ नाही, बहीण नाही. वडिलांनी एकट्यानं वाढवलेली. गोपीनाथराव त्यांचं नाव. पोस्टात पत्रं वेगळी करण्याचं काम आयुष्यभर केलेलं, नुकतेच निवृत्त झालेले. बोटं लांब, स्वच्छ, बायकांसारखी. बोलताना ती बोटं हवेतसुद्धा पत्रं लावत असल्यासारखी हलायची.

लग्नात भावजींनी मनगटी घड्याळ मागितलं होतं. साधं नव्हे, तारीख आणि वार दाखवणारं, परदेशी. गोपीनाथरावांनी कुठून कसं आणलं देव जाणे, पण आणलं. पांढरी तबकडी, तीनाच्या आकड्याजवळ एक छोटी खिडकी, तीत वार आणि तारीख. भावजी ते घालून बँकेत गेले त्या दिवशी परत येताना शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. पौषाची थंडी होती तरी.

दोन-अडीच महिने सगळं नीट चाललं. मग एक मार्च उजाडला. घड्याळाच्या खिडकीत एकोणतीस होती. भावजींनी बँकेत सकाळपासून कागदांवर रुबाबात घड्याळ पाहून तारीख घातली, एकोणतीस फेब्रुवारी एकोणीसशे पंचाहत्तर. त्या साली फेब्रुवारी अठ्ठावीसचा. दुपारपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही. आलं तेव्हा अख्खी बँक हसली. "का हो श्रीनिवास बाबू, ससुरालवालों ने तारीख भी दहेज में दी है क्या?" हे वाक्य तिथला कुणीतरी बोलला आणि ते पुढे कित्येक महिने त्यांना चिकटलं.

संध्याकाळी भावजी घरी आले ते बूट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात.

"तुझ्या बापानं फसवलं आम्हाला. खोटं घड्याळ गळ्यात मारलं."

मृणालच्या हातात पोळपाट होता, तो तसाच राहिला. मामंजी चौकातल्या पाटावर बसले होते. त्यांनी घड्याळ मागून घेतलं, लांब धरलं, जवळ धरलं.

"आमच्या पंचांगात तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते, सगळं आधी लिहिलेलं असतं," ते म्हणाले. "आणि ह्या विलायती शहाण्याला महिना किती दिवसांचा तेवढं कळत नाही? बोलवा पोस्टमास्तरांना. माल त्यांनी दिला, दुरुस्त त्यांनी करावा."

गोपीनाथराव पोस्टमास्तर नव्हते हे मामंजींना पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ते म्हणायचे.

ज्या घड्याळात अशी तारीख असते त्याला महिना लहानमोठा कळत नाही, ते दर वेळी एकतीसपर्यंत मोजतं, तीस दिवसांचा महिना सरला की हातानं पुढे ढकलावं लागतं, एवढीच गोष्ट होती. पण आमच्या घरात असं घड्याळ पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि दुसऱ्याला विचारणं मामंजींच्या रक्तात नव्हतं.

गोपीनाथराव छोट्या लाइनच्या पॅसेंजरनं आले. दारातच खाली वाकले. मामंजी म्हणाले, "या, या. तुमचं फेब्रुवारीतलं पोर एक दिवस जास्त जगलं." ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. चौकात बसले, मांडीवर पांढरा हातरुमाल पसरला, त्यावर घड्याळ ठेवलं, चष्मा पुसला. किल्ली नखानं अर्धी बाहेर ओढली. फिरवली. खिडकीतले आकडे सरकले.

मृणाल समोर खांबाला टेकून उभी होती. तीन महिन्यांनी बापाला पाहत होती. माहेरी पाठवायचं नाव नव्हतं. "घड्याळ बरोबर चालायला लागलं की पाठवू," मामंजींनी सांगून ठेवलं होतं.

आणि मग मी पाहिलं. आकडा एकवर आला, तरी गोपीनाथरावांचा हात थांबला नाही. त्यांनी किल्ली पुन्हा ओढली, पुन्हा दाबली, घड्याळ कानाला लावलं, डोळे मिटून ऐकलं, रुमालावर ठेवलं, पुन्हा उचललं. "नाजूक काम आहे," ते म्हणाले. "मृणा, जरा उजेडाच्या बाजूला बसतेस? तुझी सावली पडत्येय." ती बसली, अगदी जवळ. अर्धा तास ते काम चाललं. अधूनमधून ते हळूच विचारायचे, "खोकला गेला का?" "रात्री झोप लागते का?" ती मान हलवायची.

निघताना त्यांनी भावजींना सांगितलं, "एकच सांभाळा, जावईबापू. काटे रात्रीच्या बाराच्या आसपास असताना तारखेला हात लावू नका. तेव्हा आतले दाते एकमेकांत गुंतलेले असतात. जबरदस्ती केली की मोडतात."

"तुम्हीच या ना दर वेळी," मामंजी म्हणाले. "कशाला आमच्या पोराला कामाला लावता?"

सगळे हसतील असं त्यांना वाटलं असावं. गोपीनाथराव मात्र लगेच म्हणाले, "येईन की."

तेव्हापासून ते येऊ लागले. मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर, डिसेंबर, ह्या महिन्यांची पहिली तारीख. भावजी त्या दिवशी घड्याळ चौकातल्या कोनाड्यात ठेवून बँकेत जायचे. दुपारी गोपीनाथराव यायचे, रुमाल पसरायचे, नाजूक काम करायचे, आणि मग जावई येऊन घड्याळ पसंत करीपर्यंत थांबायचे. मामंजी समोर पाटावर. दर वेळी नवा टोमणा. एकदा चपला दाराबाहेर नीट ठेवल्या नाहीत म्हणून त्या गल्लीत फेकल्या. एकदा शेजारच्या शास्त्र्यांना मुद्दाम बोलावून म्हणाले, "पाहा, आमचे व्याही. घड्याळाचे न्हावी आहेत. महिन्याची हजामत करून जातात." गोपीनाथराव रुमालाकडे पाहत राहिले.

आमच्याकडे रीत अशी की नातू होईपर्यंत मुलीच्या बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता नव्या पिढीला हे सांगितलं तर हसतात. गोपीनाथराव घरून तांब्यात पाणी आणि फडक्यात दशम्या आणायचे. मृणाल त्यांना जेवताना वारा घालायची. तेवढंच तिला करता यायचं. एकदा मागच्या अंगणात भांडी घासताना मी तिला म्हटलं, "मृणाल, ते काम दोन मिनिटांचं आहे ना?"

तिनं राखेचा हात थांबवला.

"अर्ध्या मिनिटाचं, ताई. मला येतं. बाबांनी डोळ्यांनी शिकवलंय."

"मग सांगत का नाहीस घरात? त्यांचे हे हाल तरी थांबतील."

"सांगितलं तर ते येतील कसे?" ती म्हणाली आणि पुन्हा घासायला लागली.

पंचाहत्तरच्या अखेरीस तिला दिवस राहिले. मार्चला गोपीनाथराव आले तेव्हा ते कळून इतके खूश झाले की किल्ली हातातून निसटली. मृणाल त्यांना म्हणाली, "ऑगस्टनंतर मी तुम्हाला पुरणपोळी वाढणार. अगदी ह्याच चौकात." मामंजी ऐकत होते. "मुलगा झाला तर," ते म्हणाले. "नाहीतर दशम्या आहेतच."

एप्रिलमध्ये भावजींच्या बँकेतल्या कुणीतरी तसलंच घड्याळ घेतलं. त्यानं सर्वांसमोर किल्ली ओढून तारीख पुढे-मागे करून दाखवली. "अरे, ये तो बच्चे भी कर लेते हैं, श्रीनिवास बाबू. आप इलाहाबाद से मिस्त्री बुलवाते हैं?" बँक दुसऱ्यांदा हसली. हे मला पुढे आमच्या ह्यांच्याकडून कळलं. त्या वेळी मी एवढंच पाहिलं की भावजी आणि मामंजी गच्चीवर बराच वेळ बोलत होते, आणि खाली उतरताना मामंजींच्या चेहऱ्यावर पाठशाळेत एखाद्या पोराची चोरी पकडल्यावर यायचा तसा आनंद होता.

एक मे, शनिवार. सकाळपासूनच लू, तिकडचा भाजणारा वारा, सुटली होती. गल्लीतली कुत्रीसुद्धा मोरीत जाऊन पडली होती. भावजींनी नेहमीसारखं घड्याळ कोनाड्यात ठेवलं आणि बँकेत गेले. मृणालनं वाळ्याचा पंखा ओला करून ठेवला. दुपार व्हायच्या सुमाराला मामंजींनी हाक मारली.

"धाकट्या सूनबाई, वर जा. मी सांगेपर्यंत खाली यायचं नाही."

"मामंजी, बाबा येतील आता."

"म्हणूनच."

आमच्या घराच्या चौकावर, वरच्या मजल्याच्या जमिनीत, उजेडासाठी लोखंडी जाळी होती. काशीतल्या कितीतरी घरांत असते. ती वर गेली आणि त्या जाळीशी बसली. मी स्वयंपाकघराच्या दारात होते. मामंजींनी स्वतःचा पाट उचलून दारात, उंबऱ्याच्या आत मांडला. कोनाड्यातलं घड्याळ मांडीवर घेतलं.

गोपीनाथराव आले. टोपीखालून घाम गळत होता. उंबऱ्याबाहेर थांबले, कारण आत यायला जागाच नव्हती.

"या पोस्टमास्तर. आज तारीख काय?"

"एक मे, शास्त्रीबोवा."

मामंजींनी घड्याळ त्यांच्यासमोर धरलं. "वाचा."

खिडकीत एक होती.

गोपीनाथरावांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"माझ्या पोरानं आज सकाळीच लावून ठेवली. बँकेतल्या शिपायालाही येतं म्हणे. मग तुम्ही कशाला आलात?"

"मला... मला वाटलं नेहमीप्रमाणे..."

"नेहमीप्रमाणे! बसा." त्यांनी बाहेरच्या दगडी चबुतऱ्याकडे बोट दाखवलं. तो उन्हात होता. मग त्यांनी स्वतः किल्ली ओढली, चुकीची तारीख लावली आणि घड्याळ पुढे केलं. "आता नीट करा. मी पाहतो किती वेळ लागतो."

समोरच्या घराच्या खिडकीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या. गोपीनाथराव तापलेल्या दगडावर बसले. रुमाल पसरला. मला वाटलं, आता तरी ते वेळ काढतील. नाही काढला. किल्ली ओढली, फिरवली, दाबली, घड्याळ परत दिलं.

"झालं?" मामंजी म्हणाले. "एवढंच? मग आजवर अर्धा-अर्धा तास माझ्या घरात बसून काय करत होतात?"

"मुलीला पाहत होतो," गोपीनाथराव म्हणाले.

इतकं सरळ उत्तर मामंजींना अपेक्षित नसावं. मग उठून त्यांनी दाराची एक फळी लोटली.

"पाहून झालं. आता बारशाला बोलावू तेव्हा या. बोलावलं तर."

वर जाळीवर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला. मृणालनं कपाळ टेकलं होतं. तिला तिथून दाराबाहेरची फक्त एक टोपी दिसत होती, आणि तीही हलली.

मी तांब्याभर पाणी घेऊन मागच्या दारानं धावले. गल्लीच्या वळणावर त्यांना गाठलं. ओठ कोरडे पडले होते. मी तांब्या पुढे केला.

"नको, सूनबाई. त्या घरचं पाणी मला अजून चालत नाही," ते म्हणाले. मग चाचरत विचारलं, "ती वरून पाहत होती का?"

"हो."

"मग झालं," ते म्हणाले आणि पायऱ्या उतरून घाटाकडे गेले.

आमचे हे संध्याकाळी आले तोवर सगळं संपलं होतं. ते मामंजींना काहीतरी बोलायला गेले. मामंजी म्हणाले, "तू आठवड्याचा पाहुणा. पाहुण्यासारखा राहा."

मंगळवारी प्रयागहून मृणालच्या चुलत्यांची तार आली. ऊन लागलं, दोन दिवस ताप, संपले. मृणालनं जायचं म्हटलं. मामंजी म्हणाले, "गर्भार बाईनं सुतकाच्या घरी जायचं नसतं. लेकीला तीन दिवस. इथेच पाळ." भावजी घड्याळाला किल्ली देत उभे होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही.

पंधरा दिवसांनी संकठाजीच्या दर्शनाला गेले तेव्हा घाटावरच्या एका नावाड्यानं मला विचारलं, "बहूजी, वो टोपीवाले बाबू आपके यहाँ के थे ना? उस दिन साँझ तक धूप में बैठे रहे. हमने कहा छाँव में आइए, बोले, यहाँ से छत दिखती है." आमची गच्ची घाटाच्या त्या पायऱ्यांवरून दिसते. पण मृणाल त्या दुपारी गच्चीवर गेलीच नव्हती. खोलीत पडून होती.

मी घरी येऊन तिला ते जसंच्या तसं सांगितलं. तोवर ती रोज रडत असे. त्या दिवसापासून थांबली.

जूनचे तीस दिवस संपले. एक जुलैला सकाळी भावजींच्या घड्याळात एकतीस होती. ते स्वतः किल्ली ओढायला लागले तर मामंजींनी हात धरला. पाऊस लांबला होता, घरात उकाडा, मामंजींना करमणूक हवी होती.

"थांब. पोस्टमास्तर गेले, पण गादी रिकामी ठेवू नये. धाकट्या सूनबाई! बापाचा धंदा चालवा."

मृणाल आली. आठवा महिना लागलेला, चालणं जड झालेलं. ती बरोबर त्याच जागी बसली जिथे गोपीनाथराव बसायचे. कमरेचा रुमाल काढून मांडीवर पसरला. तो त्यांचाच होता. त्या दिवशी चबुतऱ्यावर राहिलेला, मी उचलून तिला दिला होता.

"वा! साहित्यसुद्धा आहे," मामंजी म्हणाले.

तिनं किल्ली अर्धी ओढली. एकतीसची एक केली. मग किल्ली पूर्ण ओढली आणि काटे फिरवायला लागली, मोठा काटा भराभर पुढे, दोन प्रहर, संध्याकाळ, रात्र.

"हे काय करतेस?" भावजींनी विचारलं.

"नाजूक काम आहे," ती म्हणाली. तोच आवाज, तेच शब्द.

काटे बाराच्या जवळ आले. खिडकीतला एक हलायला लागला, वरून दोनाची कड डोकावली. तिथं ती थांबली. किल्ली अर्धी आत सारली आणि दोन्ही बोटांनी जोर करून फिरवली. बाहेर काही दिसलं नाही. पण घर इतकं शांत होतं की आतला तो बारीक आवाज मला दारात ऐकू आला, खसखशीचा दाणा दाताखाली फुटावा तसा. मग तिनं काटे मागे फिरवून पुन्हा आत्ताच्या वेळेवर आणले, घड्याळ रुमालानं पुसलं आणि नवऱ्याच्या हातात दिलं.

"झालं. एक तारीख आहे ना?"

"आहे," भावजी म्हणाले.

"बाबांची लेक खरी," मामंजी हसले.

दुसऱ्या दिवशी घड्याळात एक होती. तिसऱ्या दिवशीही एक. काटे नीट चालत होते, वारसुद्धा बदलत होता, तारीख मात्र हलेना. भावजी चौक नावाच्या बाजारात दुकानादुकानांतून फिरले. आतलं चाक परदेशातून आणावं लागेल, आणि सध्या मिळायचं नाही, असं सगळीकडे सांगितलं. भावजी घरी येऊन तिच्यापुढे उभे राहिले.

"तू केलंस?"

"मला कुठे येतं?" ती म्हणाली. "बाबा असते तर त्यांना बोलावलं असतं."

मामंजींनी पाटावरून मान वर केली. त्यांना कळलं. पण त्यांनीच तिला बसवलं होतं, शेजारच्या शास्त्र्यांना नंतर हसून सांगितलंही होतं. ते पंचांग उघडून बसले.

ऑगस्टमध्ये मुलगी झाली. बकुळ.

मामंजी आणखी पाच वर्षं जगले. शेवटचं दीड वर्ष अंथरुणावर, पंचांग विसरलेले. ज्या माणसाला शंभर वर्षांपूर्वीची तिथी तोंडपाठ होती तो दिवसातून वीस वेळा विचारायचा, "आज तारीख काय?" मृणालनं त्यांचं सगळं केलं, अंग पुसलं, घास भरवले, कुठे कमी केलं नाही. आणि दर वेळी भावजींनी वापरायचं सोडलेलं, उशाशी ठेवलेलं ते घड्याळ त्यांच्या डोळ्यांसमोर धरून म्हणायची, "एक आहे, मामंजी." ते घाबरून विचारायचे, "अजून एकच?" "हो. अजून एकच." मी एकदा म्हटलं, पुरे कर गं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा त्या खोलीत गेले नाही. ते गेले ती तारीख कुठली होती, ती त्यांना कुणी सांगितली नाही.

श्रीनिवास भावजी मॅनेजर होऊन कानपूरला गेले, तिथेच निवृत्त झाले. बायकोशी शेवटपर्यंत जेवायला वाढ आणि दार लाव एवढंच बोलत. हृदयविकारानं गेले तेव्हा मनगटावर सेलचं घड्याळ होतं, त्याला कुणी हात लावायची गरज नसते. आमचे हे त्याआधीच गेले. मी अजून संकठा घाटावरच आहे, वरच्या मजल्यावर. खालचा चौक एका हॉटेलवाल्याला दिलाय. जाळीवर त्यानं काच बसवली आहे.

मृणाल आता बकुळकडे पुण्याला असते. जायच्या आधी चार दिवस माझ्याकडे राहिली होती. घड्याळ तिच्या पिशवीत रुमालात गुंडाळलेलं होतं. किल्ली दिली की चालतं अजून. बकुळ फोनवर सांगत होती, आई पहिल्यांदा घरात आली ती उंबऱ्याबाहेरच थांबली. सामान खाली ठेवलं, आणि आत पाऊल टाकायच्या आधी म्हणाली, "आधी पाणी आण." तांब्याभर पाणी तिनं दारातच उभ्यानं, न थांबता, प्यायलं.